इंग्रजी जरा जास्त वेळ

आमचे मामंजी विलायतेहून आले आणि आल्या आठवड्यातच मला म्हणाले, "सूनबाई, ह्या टीव्हीवर इंग्रजी जरा जास्त येळ लागंल असं काय करता यील का?"

मी पिठाची परात खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसाने विलायतेला जाईपर्यंत उभा जन्म आमच्या रहाटणीत काढला, पिंपरीचा बाजार आणि राजगुरुनगरची सोयरीक याच्या पलीकडे जग पाहिलं नाही, बैलांशी आणि भावकीशी एकाच आवाजात बोलला, त्याला आता इंग्रजी हवं होतं. तेही जास्त वेळ.

सोपानराव म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर वर्षभर ते आमच्याकडेच होते आणि त्या वर्षात त्यांनी माझा जीव नकोसा केला होता. भाकरी जाड, कालवण पाणचट, चहा गार. माझ्या हाताला चव नाही हे त्यांनी मला सांगितलं असतं तर मी ऐकूनही घेतलं असतं. पण ते ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शेवटी एक दिवस भरल्या ताटावरून उठले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थोरल्याकडं जातो विलायतेला. तिथं तरी माणसासारखं खायला मिळंल." थोरले म्हणजे माझे दीर जयसिंग. ते कॉव्हेंट्री नावाच्या गावात मोटारींच्या कारखान्यात आहेत. त्यांनी सगळी खटपट केली, तिकीट पाठवलं आणि मामंजी खरोखरच गेले. निघताना आळीतला एकूण एक माणूस त्यांच्या पाया पडला. मीही पडले. बाकीच्यांना ते 'येतो बरं का' म्हणाले, मला काहीच म्हणाले नाहीत.

पाच वर्षांनी, एकोणऐंशी साली, ते तीन महिन्यांसाठी परत आले. अंगात लोकरीचा कोट, पायात बूट आणि खिशात परतीचं तिकीट. तारीख तेवढी पक्की करायची होती. आमच्या लक्ष्मणरावांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, फार मनात होतं की म्हाताऱ्याने आता इथंच राहावं. सत्तरी आली, थंडीत गुडघे धरतात, परक्या मुलखात काही कमीजास्त झालं तर काय. पण बापाला तोंडावर 'राहा' म्हणायची त्यांची छाती नव्हती. थोरल्याला काय वाटेल, लोक काय म्हणतील, बाप काय म्हणेल. "त्यांच्या मनात असंल तर त्येच बोलतील," असं म्हणायचे आणि डबा घेऊन आकुर्डीला दुपारच्या शिफ्टला पळायचे.

मला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं. भाकरी मी थापणार, धुणं मी धुणार, दुखलंखुपलं मी बघणार, पण सुनेला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती. तर ते असो. टीव्हीचं सांगते.

मामंजी विलायतेला असताना आम्ही जुनं घर उतरवून स्लॅबचं घर बांधलं होतं आणि मागच्या दिवाळीला टीव्ही घेतला होता. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, बाजूला गुरगुरणारा स्टॅबिलायझर आणि गच्चीवर सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभा केलेला अँटेना. आळीत दुसरा टीव्ही नव्हता. ज्यांनी तेव्हा टीव्ही घेतला त्यांना हे सांगायला नको, पण ज्यांनी दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहिला त्यांना सांगते, टीव्ही घेतला की घर आपलं राहत नाही. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायच्या आत माझी बाहेरची खोली भरून जायची. पोरं पुढे, बाया मध्ये, पुरुष दारात, आणि ज्यांना आत जागा नाही ते खिडकीच्या गजांना धरून. दार लावायचं नाही. कुणाला 'आज नको' म्हणायचं नाही. म्हटलं की झालंच, लक्ष्मणच्या बायकोला माज आला. घरात कुणी आजारी असो, पोरांची परीक्षा असो, मला मेलीला जांभया येत असोत, खोली भरलेलीच.

त्यात शेजारच्या छबूबाई. त्या संध्याकाळी निवडायची भाजी घेऊनच यायच्या. मेथी निवडायची माझ्या खोलीत, देठं टाकायची माझ्या खोलीत, आणि वर मलाच म्हणायच्या, "मंजुळा, जरा केर काढत जा गं, पाव्हणं यून-जाऊन असत्यात."

ह्या गर्दीला उठवणारी गोष्ट जगात एकच होती. इंग्रजी. रात्रीच्या इंग्रजी बातम्या लागल्या आणि ती केस कापलेली बाई बोलायला लागली की सगळी खोली एकदम उठायची. कुणी हाक मारायला नको, दिवा घालवायला नको. चपलांची शोधाशोध, पेंगलेली पोरं काखेत, "उद्याच्याला काय हाय गं" अशी चौकशी, आणि खोली रिकामी. मी पण उठायचे. मोरीत भांड्यांचा ढीग पडलेला असायचा. पडद्यासमोर मामंजी एकटे उरायचे, खुर्चीत ताठ बसून.

"सूनबाई, बस की जरा," ते म्हणायचे.

"मला काय कळतंय त्यातलं, मामंजी," मी मोरीतूनच सांगायचे. मला वाटायचं, यांना माझ्यापुढे मिरवायचंय. आपल्याला इंग्रजी कळतं आणि सुनेला कळत नाही हे दाखवायचंय. भांडी विसळून होईपर्यंत बाई निरोप घेऊन गेलेली असायची. मामंजी टीव्हीची दारं सरकवायचे आणि आपल्या खाटेवर जाऊन पडायचे.

आणि आता म्हणे इंग्रजी जास्त वेळ पाहिजे.

मी लक्ष्मणरावांच्या कानावर घातलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "त्यांना तिकडची सवय लागलीया," ते म्हणाले. "तिकडं दिवसभर इंग्रजी टीव्ही चालू असतोय. जयसिंगच सांगत व्हता. आपल्याकडं काय तेवढं दिसलं न्हाई तर त्यांना करमायचं न्हाई. मग कशाला राहत्यात ते इथं. तू जरा बघ की कुठं काय जमतंय का."

म्हणजे सासऱ्याने राहावं की जावं हे आता मी इंग्रजी कुठून पैदा करते यावर येऊन ठेपलं. मी म्हटलं, ठीक आहे, हेही करू. भाकरीला नावं ठेवून झाली, आता टीव्हीला ठेवायची वेळ येऊ नये.

पिंपरी कॅम्पात कादरभाईंचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. आमचा टीव्ही त्यांनीच बसवला होता. माणूस भला, पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं त्यांना जमत नसे. मी विचारलं, "कादरभाई, इंग्रजी जास्त लागेल असं काही करता येतं का?"

"वैनी, टीव्हीत मराठी-इंग्रजी असं काय नसतंय," ते म्हणाले. "मुंबईचं एक स्टेशन. सिंहगडावरून ते जे फेकत्यात ते आपण झेलायचं. त्यांनी इंग्रजी फेकलं तर इंग्रजी."

"मग दुसरं स्टेशन नाहीच का कुठलं?"

इथे त्यांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण ते डोकं खाजवून म्हणाले, "अँटेना लई उंच केला तर कवाकवा लांबचं गावतंय म्हणत्यात. एकानं रशियाचं बघितलंय म्हणं. आपण बघू की करून. जातंय काय आपलं."

ते आले, गच्चीवर चढले, अँटेना काढून भल्या मोठ्या बांबूला बांधला आणि बांबू पाण्याच्या टाकीला आवळला. मग ते वर बांबू फिरवायचे, मी खाली पडद्याकडे बघून ओरडायचे, "गेलं", "आलं", "मुंग्या", "परत गेलं". रशिया दिसला नाही. इंग्लंड दिसलं नाही. संध्याकाळी मुंबईही दिसेनाशी झाली. आणि तो नेमका गाण्यांच्या कार्यक्रमाचा दिवस. खोली खचाखच भरलेली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या, त्यात एक बाई कधी दोन व्हायची, कधी अर्धी.

"मंजुळा," छबूबाई मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याच्या इंग्रजीपायी आमची गाणी का गं बुडवतीस?"

माझा टीव्ही, माझी वीज, माझी खोली, आणि बोलणीही मलाच. मी दात-ओठ खात आत गेले. त्या रात्री मुंग्यांमुळे इंग्रजी बातम्याही लागल्या नाहीत. लोक मुंग्या बघतच बसून राहिले, न जाणो चित्र आलं तर. मामंजींनी दारातून एकदा विचारलं, "आज इंग्रजी लागत न्हाई व्हय?" आणि खाली मान घालून खाटेवर जाऊन पडले.

कादरभाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन सगळं होतं तसं करून दिलं आणि वर मला समजावलं, "वैनी, रेडिओवर लागतंय की इंग्रजी, पाहिजे तेवढं." मी लगेच ट्रान्झिस्टर शोधला, त्यात सेल भरले, काटा फिरवून फिरवून एक इंग्रजी बोलणारा गडी पकडला आणि भर संध्याकाळी मामंजींच्या खाटेवर नेऊन ठेवला. त्यांनी तो कानाला लावला, एकदा भरलेल्या खोलीकडे बघितलं आणि बटण बंद केलं.

"रेडिओनं काय हलतंय," ते म्हणाले.

मला असा संताप आला म्हणता. हे पाहिजे, हे नको. बोलतंय इंग्रजीच ना? मग रेडिओतून बोललं काय आणि पेटीतून बोललं काय. पण सासऱ्याला उलटून बोलायची सोय नाही. मी ट्रान्झिस्टर उचलला आणि कपाटात टाकला.

मग लक्ष्मणरावांनी आपली अक्कल चालवली. त्यांच्या कंपनीत नव्या पोरांना शिकवायला परदेशी फिल्मा होत्या, सगळ्या इंग्रजी, आणि त्या दाखवायचं मशीनही होतं. ट्रेनिंगच्या साहेबांचे हातपाय जोडून, 'वडील विलायतेहून आलेत, त्यांना इंग्रजीची फार गोडी' असं सांगून, सुट्टीच्या दिवशी त्यांनी ते मशीन चालवणाऱ्या माणसासकट टेम्पोत घालून घरी आणलं. गोठ्याच्या भिंतीवर माझी नवी चादर बांधली. मामंजींची खुर्ची मधोमध ठेवली. लक्ष्मणराव एवढे खूश होते की मला म्हणाले, "आता बघ. दोन तास नुसतं इंग्रजी."

बातमी कशी पसरते ते सांगायला नको. रहाटणी तर आलीच, काळेवाडीचीही माणसं सायकली घेऊन आली. चादरीवर पांढरा कोट घातलेला एक गोरा माणूस गिअरला दाते कसे पाडतात ते दाखवत होता. त्यानंतर दुसरा एक गोरा माणूस ड्रिलिंग करताना डोळ्यांवर चष्मा का लावावा ते सांगत होता. एका अक्षराचाही कुणाला पत्ता लागत नव्हता आणि एक माणूस जागचा हलत नव्हता. टीव्हीवरच्या इंग्रजीला उठून जाणारी माणसं चादरीवरचं इंग्रजी तोंडाचा आ करून बघत होती. टीव्ही काय, रोजचाच. मशीन पुन्हा येणार होतं थोडंच. छबूबाईंनी मला ढोसून विचारलं, "त्यो कोटवाला बिनलग्नाचा असंल का गं?"

निम्म्यातच मामंजी खुर्चीतून उठले. माझ्याजवळून जाताना स्वतःशीच पुटपुटले, "आज तर कुणी उठंचनात."

"उठतील कशाला," मी म्हटलं, "फुकटचा सिनेमा आहे." ते आत गेले. लक्ष्मणरावांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिथेच त्यांनी हात टेकले.

रात्री जेवताना ते मला म्हणाले, "न्हाई जमायचं मंजुळा. त्यांचं मन तिकडंच हाय. आपण उगा आशा लावून बसलो. परवा पुण्याला जातो आन् तिकिटाची तारीख पक्की करून टाकतो."

मी मान हलवली आणि ताटं उचलून मोरीत आले. आणि मला रडू आलं. रडू आल्याचा राग आला. हा माणूस गेला तर माझं काय जाणार होतं? एका माणसाच्या भाकरी कमी, एका माणसाचं धुणं कमी. पण खरं सांगू का, ह्या खेपेला मामंजी माझ्या हातचं गुपचूप जेवत होते. ताट बोटांनी पुसून घेत होते. कधी मीठ कमी पडलं तरी उठून स्वतः घ्यायचे, बोलायचे नाहीत. मी रोज वाट बघत होते, आज म्हणतील, उद्या म्हणतील, 'बरं झालंय हां कालवण'. तेवढं ऐकायला मला फार फार हवं होतं. आणि हा माणूस तोंड उघडायचा तो इंग्रजी मागायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे खोली भरली. मामंजी खुर्चीत बसून विलायतेच्या गोष्टी सांगत होते. तिथं रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, तिथं बस मिनिटाला येते, तिथं दूध बाटलीत मिळतं आणि दारात ठेवून जातात. लोक माना डोलावत होते. "तुमचं काय बाबा, सोपानराव," कुणीतरी म्हणालं, "तुमी आता सायेबच." मामंजी नुसते हसले.

इंग्रजी बातम्या लागल्या. बाई बोलायला लागली, खोली उठली. मीही पदर खोचून मोरीकडे निघाले आणि मध्येच थांबले. म्हटलं, उद्या तारीख पक्की होणार. ज्या इंग्रजीने आमच्या घराचं एवढं वाटोळं केलं त्यात आहे तरी काय ते आज बघतेच. हात पुसले, पदर डोक्यावर सारखा केला आणि आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसले, टीव्हीकडे तोंड करून.

मामंजींचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते बाहेरच्या दाराकडे बघत होते. शेवटचा माणूस चपला घालून अंगणाबाहेर पडेपर्यंत बघत राहिले.

"गेली समदी?" त्यांनी विचारलं.

"गेली."

मग त्यांनी टीव्हीकडे मान वळवली. मीही टीव्हीकडेच बघत होते. बाई बोलत होती.

"मामंजी, एक विचारू?" मी म्हटलं. "ही काय बोलते ते कळतं तुम्हाला?"

"न्हाई."

"थोडं तरी?"

"एक अक्षर कळत न्हाई."

माझ्या डोक्यातली शीर तडतडली. "मग मला त्या कादरभाईच्या दुकानात कशाला पळवलंत? त्या बांबूपायी मी साऱ्या आळीची बोलणी खाल्ली. माझी नवी चादर गोठ्याच्या भिंतीला लावली. कळत नाही तर पाहिजे कशाला तुम्हाला इंग्रजी?"

ते टीव्हीकडे बघतच म्हणाले, "ही बोलाया लागली की लोक उठत्यात."

"पर तूबी उठतीस," ते म्हणाले. "आन् ही बया लई थोडा येळ बोलती. लोकांच्या चपला गावंस्तवर निम्मी सपती आन् तुझी भांडी व्हस्तवर समदी. म्हणून म्हणत व्हतो, जरा जास्त येळ लागंल असं बघा. मला तुझ्याशी बोलायचं व्हतं."

"मग दिवसा बोलायचं की. मी काय कुठं गावाला गेले होते?"

"दिवसा कसं बोलू? सासऱ्यानं सुनंला समोर बसवून तोंडाकडं बघत असलं बोलायचं असतं व्हय? ह्या डब्याकडं बघत बोलता येतं. तुला बी बघाय नगं, मला बी बघाय नगं."

पडद्यावर कुठल्याशा देशाचे मंत्री विमानातून उतरत होते. मामंजींनी घसा साफ केला.

"मंजुळा, मला परत जायचं न्हाई."

मी पदर घट्ट धरून बसले होते. ते बोलत राहिले, पडद्याकडे बघत, हळूहळू. जयसिंग कामावर जातो. त्याची बायको कामावर जाते. पोरं शाळेत. दिवसभर बाहेर धुकं आणि आत हे यंत्र. "तिथं बी हिच्यासारखीच एक बाई असती. दुपारी लागायची. एकदा मी तिला इचारलं, जेवलीस का गं म्हणून. मग माझं मलाच भ्या वाटलं. म्हणलं, सोपाना, आता तुझं काय खरं न्हाई."

"यांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"लक्ष्मणला? त्यो व्हयच म्हणंल. त्याचं काय जातंय. भाकरी तुला थापायची हाय. तुला इचारल्याबिगर त्याला काय सांगायचं?" ते थांबले. "आन् तुला कुठल्या तोंडानं इचारू? भरल्या ताटावरनं उठून, समद्या आळीदेखत तुझ्या हाताला नावं ठिवून गेलो मी. आता त्याच आळीदेखत कसं म्हणू, सूनबाई, मला ठिवून घे म्हणून? लोक मला सायेब म्हणत्यात."

बातम्या संपल्या. बाईने कागद गोळा केले, मान लववली आणि ती गेली. आता बघायला पडद्यावर काहीच उरलं नव्हतं, म्हणून मामंजी आपल्या बुटांकडे बघत बसले.

'राहा' एवढं दोन अक्षरीच बोलायचं होतं. पण मला ते तसं, रिकाम्या खोलीत, दोघांतच बोलायचं नव्हतं. ज्या आळीपुढे माझ्या भाकरीची अब्रू गेली होती त्या आळीला हे कळायला हवं होतं, आणि त्यांची अब्रू जाऊ न देता कळायला हवं होतं. मी उठून टीव्हीची दारं सरकवली.

"मामंजी, तुम्ही कुणाला काही बोलू नका," मी म्हटलं. "उद्या मी बोलते."

त्यांना काय वाटलं कोण जाणे. "बरं," एवढंच म्हणाले.

सकाळी मी लक्ष्मणरावांना सांगितलं, पुण्याला जायचं नाही आणि आज शिफ्टलाही जायचं नाही. "का?" म्हणाले. म्हटलं, "संध्याकाळी कळेल." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी खोली भरली. मी मुद्दाम आणखी दोन घरी निरोप धाडून बाया बोलावल्या होत्या. शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपला आणि जाहिराती लागल्या, तशी मी पिठाच्या हातांनीच आतल्या दारात येऊन उभी राहिले. घसा फोडून ओरडायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी काही सोंग आणायची गरज पडली नाही.

"छबूबाई, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच न्याय करा," मी म्हटलं. "आमचे मामंजी परत विलायतेला जायचं म्हणतात. ह्या वयात. उद्या लोक माझ्याच तोंडात शेण घालणार की म्हाताऱ्याला सुनेनं घराबाहेर काढलं. ते काही नाही. मी सोडणार नाही. पाच वर्षं तिकडचा पाव खाल्ला ते पुष्कळ झालं. आता माझ्या हातची जाड भाकरी खायची. चव असो नसो, खायची."

आमचा टीव्ही आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्या खोलीने त्याच्याकडे पाठ फिरवली. लक्ष्मणराव दारात तोंड उघडं टाकून उभे होते. मामंजी खुर्चीत खिळल्यासारखे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

छबूबाईंना न्याय करायला सांगितल्यावर आणखी काय पाहिजे. त्यांनी मेथी बाजूला सारली. "मंजुळा बोलती त्ये खरं हाय," त्या म्हणाल्या. "सोपानराव, येवढ्या पोटतिडकीनं सांगतीया पोर, तर आता हट करू नगा. ऱ्हावा गपगुमान."

"ऱ्हावा की," मागून कुणीतरी म्हणालं. "ऱ्हावा, ऱ्हावा," खिडकीतूनही आवाज आला.

मामंजींनी मान वर केली. आधी छबूबाईंकडे बघितलं, मग सगळ्या खोलीकडे. माझ्याकडे बघितलं नाही. "आता काय बोलणार बाबांनो," ते म्हणाले, "सूनच सोडत न्हाई म्हणल्यावर." म्हणताना हसायला गेले, पण ते हसू त्यांना नीट जमलं नाही.

"पर तुमच्या इंग्रजीचं कसं वो?" छबूबाईंनी विचारलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. "तुमाला सवय तिकडची. हितं कुठलं मिळायचं तसलं?"

मी घाईने काहीतरी बोलणार होते. म्हणणार होते, कादरभाई बघताहेत, होईल काहीतरी सोय. पण मामंजींनी हात वर करून मला थांबवलं.

"मला कुठं येतंय इंग्रजी, छबूबाई," ते म्हणाले. "पाच वरसं तिथं ऱ्हायलो. घराबाहेरच्या एका माणसाशी बोललो न्हाई."

ज्यांनी काल त्यांना साहेब म्हटलं होतं तेही खाली बघत होते. जाहिराती संपून मराठी बातम्या लागल्या होत्या आणि त्या ऐकायला कुणी मान वळवत नव्हतं. मी आत गेले आणि चुलीवर तवा ठेवला, कारण ते जेवायचे राहिले होते.